पेशीचा धडा: परीक्षेआधी काय काय पक्कं हवं

सुरुवात कोऱ्या कागदाने आणि टोक केलेल्या पेन्सिलीने करा. पुस्तक मिटून आधी प्राणी पेशी काढा, मग वनस्पती पेशी. नावं देताना हात जिथे अडतो, तिथे तयारी कच्ची आहे. आकृती समोर ठेवून उतरवली तर हे कधीच कळत नाही. वनस्पती पेशीत पेशीभित्तिका, हरितलवकं आणि भलीमोठी रिक्तिका आली का, हे बघा. केंद्रक मधोमध काढायची बहुतेकांना सवय असते. पण पूर्ण वाढलेल्या वनस्पती पेशीत रिक्तिका एवढी जागा व्यापते की केंद्रक बहुधा कडेला सरकतं. नावांच्या रेषा एकमेकींना छेदू देऊ नका.

मग केंद्रक, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड, रायबोझोम. ही चार नावं सुटी पाठ करू नका, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे. त्याऐवजी एका प्रथिनाचा प्रवास तोंडपाठ असू द्या. स्वादुपिंडातल्या पेशीत इन्सुलिन तयार होतं ते घ्या. केंद्रकातल्या डीएनएवरून आरएनएची प्रत निघते आणि केंद्रकपटलाच्या छिद्रातून पेशीद्रव्यात येते. खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवरचे रायबोझोम ती वाचून अमिनो आम्लांची साखळी जोडतात. साखळी जालिकेच्या आत शिरते, तिथे तिला घडी पडते. पुढे छोट्या पिशवीत बंद होऊन ती गॉल्जी पिंडाकडे जाते. तिथून निघालेल्या पिशव्यांमध्ये साखळीचा मधला तुकडा कापला जाऊन इन्सुलिन पूर्ण होतं, पिशवी पेशीपटलाला मिळते आणि इन्सुलिन बाहेर पडतं. हा क्रम न थांबता सांगता आला की ‘कार्ये लिहा’ या प्रश्नाची निम्मी भीती जाते. जालिकेला खडबडीत का म्हणतात, हेही वेगळं घोकावं लागत नाही.

तंतुकणिकेसाठी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियासाठी, थोडा जास्त वेळ काढा. दोन पटलं, आतल्या पटलाला घड्या, एटीपीची (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची) निर्मिती, स्वतःचा डीएनए आणि स्वतःचे रायबोझोम, एवढं हवंच. हरितलवकं वनस्पतींत म्हणजे तंतुकणिका फक्त प्राण्यांत, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चूक आहे. वनस्पतीही श्वसन करतात, त्यामुळे त्यांच्या पेशींत दोन्ही असतात. उलट, माणसाच्या पूर्ण वाढलेल्या तांबड्या रक्तपेशीत तंतुकणिका नसतात आणि केंद्रकही नसतं. लयकारिकेचं, म्हणजे पाचक विकरांनी (एन्झाइमांनी) भरलेल्या पिशवीचं, काम एका वाक्यात येत असेल तर पुढे चला.

आदिकेंद्रकी (पटलाने वेढलेलं केंद्रक नसलेल्या, उदा. जिवाणू) आणि दृश्यकेंद्रकी (असं केंद्रक असलेल्या) पेशींतला फरक लिहिताना रायबोझोम दोन्हीकडे असतात हे विसरू नका. त्यांना पटल नसतं. जिवाणूत ते ७० एस, दृश्यकेंद्रकी पेशीच्या पेशीद्रव्यात ८० एस (एस हे कण किती वेगाने तळाशी बसतो ते मोजायचं एकक).

सालं थोडीच आहेत. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले, त्या मेलेल्या पेशींच्या भित्तिका होत्या. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउनने केंद्रकाला नाव दिलं. १८३८ आणि १८३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी पेशी सिद्धान्त मांडला, आणि पेशीपासूनच पेशी निर्माण होते हे १८५५ मध्ये विर्शोने ठासून सांगितलं.

प्रात्यक्षिकासाठी कांदा, चिमटा, सुई, काचपट्टी, आच्छादन काच, रंग देण्यासाठी आयोडीन आणि टिपकागद जवळ घ्या. कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा लगेच पाण्यात टाका, नाहीतर तो गुंडाळतो. आच्छादन काच सुईच्या आधाराने तिरकी ठेवून हळूच खाली सोडा. जाड काळ्या कडेचं गोल वर्तुळ दिसलं तर तो हवेचा बुडबुडा असतो, पेशी नव्हे. या पापुद्र्यात हरितलवकं नसतात. पुस्तकातल्या आकृतीत आहेत म्हणून वहीत काढू नका, जे दिसलं तेच काढा.

वेळ उरला तर जांभळ्या कांद्याच्या पाकळीची बाहेरची, रंगीत साल आयोडीन न लावता बघा. काचेच्या एका कडेला मिठाचं दाट पाणी सोडून दुसऱ्या कडेला टिपकागद टेकवा. पाणी बाहेर पडून रंगीत भाग आक्रसतो आणि पेशीभित्तिकेपासून सुटत जातो, भित्तिका मात्र जागची हलत नाही. पेशीपटल आणि पेशीभित्तिका यांतला फरक इथे डोळ्यांनी दिसतो आणि परासरणाचं उत्तरही इथेच तयार होतं. आकृतीखाली विवर्धन लिहा: नेत्रिका १० पट आणि वस्तुभिंग ४० पट असेल तर ४०० पट.