पेट्रोलच्या टाकीचे झाकण: या चुका टाळा

कात्रजचा जुना घाट चढताना माझी मोटारसायकल मध्येच मान टाकत असे आणि दहा मिनिटे थांबल्यावर जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होत असे. गॅरेजमध्ये आधी प्लग बदलला गेला, मग कार्ब्युरेटर उघडून साफ झाला आणि त्यानंतर पेट्रोलच्या कॉकवर संशय घेतला गेला. अखेर एकदा गाडी बंद पडताक्षणी मी टाकीचे झाकण उघडले, तेव्हा ‘फुस्स’ असा आवाज करत हवा आत ओढली गेली आणि पहिल्याच किकला इंजिन सुरू झाले. झाकणातील हवेचे बारीक छिद्र वाळलेला चिखल आणि पॉलिश यांनी बुजले होते.

टाकीतले पेट्रोल जसजसे खर्च होते, तसतशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. ती आली नाही तर टाकीत निर्वात तयार होऊन पेट्रोल खाली उतरेनासे होते, आणि इंधनाचा पंप असलेल्या गाडीत त्या पंपावर ताण येतो. त्यामुळे पेट्रोल व त्याची वाफ बाहेर जाऊ न देणे आणि हवा मात्र आत येऊ देणे, अशी दोन उलट कामे या व्यवस्थेला एकाच वेळी करावी लागतात. कुकरच्या झाकणाला जशी रिंगही लागते आणि शिट्टीही, तसेच हे आहे. बहुतेक चुका यांपैकी एका कामाचा विसर पडल्यामुळे होतात. झाकणातून पेट्रोल झिरपते म्हणून त्याखाली प्लॅस्टिकची पिशवी दाबून बसवणे, ही त्यातली सर्वांत वाईट चूक, कारण तिने श्वासाची वाटच बंद होते.

पुण्याच्या पावसात मोटारसायकलस्वारांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. टाकीच्या पृष्ठभागाशी सपाट बसणाऱ्या झाकणाभोवतीच्या खोबणीत पाणी साचते आणि ते वाहून जाण्यासाठी तेथे एक छिद्र असते, जे नळीने गाडीच्या खालपर्यंत जोडलेले असते. धूळ, झाडाचा पाला किंवा मेण-पॉलिश यांनी ते छिद्र तुंबले, की साचलेले पाणी रबराच्या कडेने टाकीत उतरते. पेट्रोलमध्ये एथेनॉल असल्याने थोडे पाणी त्यात मिसळून जाते; प्रमाण वाढले की मात्र एथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात आणि सकाळी गाडी सुरू होता होत नाही. तपासणी सोपी आहे: झाकण बंद ठेवून भोवतीच्या खोबणीत दोन चमचे पाणी सोडावे व खालच्या नळीतून थेंब पडतात का ते पाहावे. छिद्रात जाड तार खुपसू नये, कारण आतली नळी निसटते. मऊ नायलॉनचा धागा किंवा हलकी हवा पुरते. वॉशिंग सेंटरमध्ये पाण्याचा जोरदार फवारा थेट झाकणावर मारू नये, असे सांगायला संकोच करू नये.

रबराची रिंग महिन्यातून एकदा बोटाने चाचपावी. ती कडक, चिरलेली किंवा एका बाजूला चपटी झाली असेल तर बदलावी. ऑइल किंवा ग्रीस लावून ती ‘मऊ’ करण्याचा उद्योग करू नये. कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसणे एवढीच तिची देखभाल आहे. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोलचे झाकण महिनोन्महिने उघडले जात नाही, त्यामुळे तिथली रिंग वाळली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

पंपावर आपोआप कट झाल्यानंतर “राउंड फिगर करून टाका” असे म्हणण्याची सवयही सोडावी. पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात त्यामुळे द्रवरूप पेट्रोल शिरू शकते, आणि तो डबा झाकणापेक्षा कितीतरी महाग असतो. दर उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘टाकी पूर्ण भरल्यास स्फोट होतो’ हा संदेश मात्र निराधार आहे. उन्हात उभ्या गाडीचे झाकण उघडताना हलकी फुसफुस झाली तर घाबरण्याचे कारण नाही. सावकाश उघडावे, इतकेच.

कारचे झाकण ‘टिक’ असा आवाज येईपर्यंत फिरवावे. वाफेची गळती तपासणारी यंत्रणा ज्या गाड्यांत आहे, तेथे सैल झाकणामुळे चेक इंजिनचा दिवा लागू शकतो आणि झाकण नीट घट्ट केल्यावरही तो विझायला काही फेऱ्या जाव्या लागतात. ही यंत्रणा सर्वच गाड्यांत नसते, म्हणून दिवा लागला नाही याचा अर्थ झाकण ठीक आहे असा घेऊ नये.

नवे झाकण घेण्यासाठी नाना पेठेत, म्हणजे पुण्यातल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात, जाताना जुने झाकण आणि गाडीचे मॉडेल व वर्ष सोबत न्यावे. बसले म्हणून चालले, असे येथे होत नाही: मूळ झाकणात हवेचा व्हॉल्व्ह असेल तर नव्यातही तो असावा, आणि नसेल तर नसावा. मोटारसायकलच्या कुलपाच्या झाकणाची किल्ली बहुधा इग्निशनचीच असते. फक्त झाकण बदलले तर खिशात दोन किल्ल्या येतात, म्हणून पूर्ण लॉक सेटची किंमतही विचारून ठेवावी. किल्ली फक्त अडखळत असेल, तर मात्र काहीच बदलण्याआधी कुलपात चिमूटभर ग्रॅफाइटची पूड सोडून पाहावी. ऑइलने धूळ आणखी चिकटते.