बँकॉक ते सिंगापूर: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

अंतर काढण्याआधी बँकॉकचा विमानतळ नक्की करावा. शहराला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन विमानतळ असून सिंगापूरची विमाने दोन्हीकडून सुटतात, तेव्हा तिकिटावर बीकेके (सुवर्णभूमी) लिहिले आहे की डीएमके (डॉन मुआंग), हे आधी पाहावे. सिंगापूरला चांगी हाच आपल्या कामाचा विमानतळ.

अंतर कागदावरही निघते. सुवर्णभूमी साधारण १३.७ उत्तर अक्षांश आणि १००.७५ पूर्व रेखांशावर आहे, तर चांगी १.४ उत्तर अक्षांश आणि १०४ पूर्व रेखांशावर. अक्षांशांतला फरक १२.३ अंश व रेखांशांतला सुमारे ३.२ अंश येतो. हा प्रदेश विषुववृत्ताजवळचा असल्यामुळे रेखांशाचा अंशही जवळपास अक्षांशाच्या अंशाएवढाच, म्हणजे १११ किलोमीटरच्या आसपास भरतो. म्हणून दोन्ही फरकांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ १११ ने गुणले की सुमारे १,४१० किलोमीटर मिळतात. डॉन मुआंग उत्तरेला असल्याने तिथून तीसेक किलोमीटर वाढतात. हीच रीत मुंबई–लंडनसाठी वापरू नये, कारण उत्तरेकडे रेखांशाचे अंश आखडत जातात आणि उत्तर साफ चुकते.

जेट विमान ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने जाते, म्हणून हवेतला वेळ पावणेदोन तासांच्या आसपास येईल असे वाटते. परंतु चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, शिवाय धावपट्टीपर्यंत जाण्यात व तिथे रांगेत थांबण्यात वेळ जातो. म्हणून वेळापत्रकात साधारण २ तास २० ते ३० मिनिटे दाखवलेली असतात. या पट्ट्यात वरच्या थरांतले वारे फार जोरदार नसल्यामुळे जाण्यायेण्याच्या वेळेत मोठा फरक पडत नाही. उशीर होतो तो बहुधा दुपारनंतरच्या गडगडाटी पावसाने.

खरा घोळ होतो तो घड्याळाचा. ही दोन शहरे जवळपास एकाखाली एक असली तरी सिंगापूरचे घड्याळ बँकॉकच्या एक तास पुढे आहे, कारण मलेशियाशी मेळ ठेवण्यासाठी सिंगापूरने १९८२ च्या आरंभी आपली आधीच अर्धा तास पुढे असलेली वेळ आणखी अर्ध्या तासाने पुढे नेली. परिणामी सकाळी १० ला बँकॉकहून सुटून दुपारी १:२५ ला पोहोचणारे विमान प्रत्यक्षात २ तास २५ मिनिटेच घेते, आणि परतीचे विमान १० ला सुटून ११:२५ ला पोहोचते. तिकिटावरील दोन्ही वेळा स्थानिक असतात. जाताना वजाबाकीतून एक तास कमी करावा, येताना मिळवावा. भारतीय वेळेच्या बँकॉक दीड तास आणि सिंगापूर अडीच तास पुढे आहे, हे घरी फोन करताना उपयोगी पडते.

बँकॉकच्या फया थाई स्थानकाहून सुवर्णभूमीला रेल्वेने अर्ध्या तासात पोहोचता येते. टॅक्सीचा भरवसा मात्र संध्याकाळच्या गर्दीत मुळीच धरू नये. विमानतळावरचे दोन-अडीच तास, उड्डाण, इमिग्रेशन, सामान आणि चांगीहून शहरात जाण्याचा साधारण अर्धा-पाऊण तास धरता, हॉटेल ते हॉटेल हा प्रवास सहा ते सात तासांचा होतो. एकाच सहलीत दोन्ही शहरे पाहून, बँकॉकहून सिंगापूरला उतरताच तिथून मुंबईचे विमान धरणार असाल आणि तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर दोन विमानांत किमान चार तास मोकळे ठेवा. पहिल्या विमानाच्या उशिरासाठी दुसरी कंपनी थांबत नाही.