ब्राउझर साफ करण्याआधीची तयारी

बाकीचं नंतर. आधी क्रोम उघडा आणि वर उजव्या कोपऱ्यात, तीन ठिपक्यांच्या शेजारी, जो छोटा गोल दिसतो त्यावर क्लिक करा. नाव कुणाचं आहे, ईमेल कुणाचा आहे आणि सिंक चालू आहे का, एवढंच बघायचं. काकांच्या कॉम्प्युटरवर मी सगळं पाहिलं, हा गोल तेवढा पाहिला नाही. त्या क्रोममध्ये खातं काकूंचं होतं आणि सिंक चालू होतं. मी कॉम्प्युटरवरचे पासवर्ड पुसले आणि ते काकूंच्या फोनमधूनही गेले. सिंक चालू असताना पासवर्ड आणि हिस्टरी खात्यात ठेवलेली असते. त्यामुळे एका ठिकाणी पुसलं की ते खातं जोडलेल्या बाकीच्या ठिकाणीही पुसलं जातं. याच कॉम्प्युटरपुरतं पुसायचं असेल तर आधी क्रोममधून साइन आउट व्हा.

आता स्वतःला विचारा, साफ कशासाठी करताय? बहुतेकांचं कारण एकच असतं: कुठल्यातरी अर्जाचं पान अर्धवट उघडतं, किंवा बटण दाबलं तरी काही होत नाही, आणि फोनवर कुणीतरी सांगतं, 'कॅश क्लिअर करा.' (कॅश म्हणजे ब्राउझरनं साठवून ठेवलेल्या पानांच्या जुन्या प्रती.) तेवढ्यासाठी अख्खा ब्राउझर रिकामा करायची गरज नसते. आधी त्याच पानावर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा. ब्राउझर जुनी साठवलेली प्रत बाजूला ठेवून पान नव्याने मागवतो. तेवढ्यानं भागलं नाही तर पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर क्लिक करा (पूर्वी तिथे कुलूप असायचं), आणि फक्त त्या साइटच्या कुकीज (साइटनं ठेवलेल्या ओळखीच्या चिठ्ठ्या) आणि डेटा काढून टाका. बाकी साइट जागच्या जागी राहतात. निम्मी कामं इथेच संपतात, पण घाईत असलेला माणूस इथे थांबत नाही, सरळ सगळंच पुसतो.

ब्राउझर कुठला आहे हेही बघा. घरोघरी सगळ्यालाच 'गूगल' म्हणतात. क्रोम वेगळं, एज वेगळं, फायरफॉक्स वेगळं, आणि प्रत्येकाचा साठा वेगळा. क्रोम पुसून एजमधलं काही जात नाही. क्रोम आणि एज 2020 पासून एकाच क्रोमियम पायावर चालतात, म्हणून दोन्हीकडचे मेनू सारखे दिसतात आणि माणूस भलत्याच खिडकीत पुसत बसतो. जुन्या कॉम्प्युटरवर इंटरनेट एक्सप्लोररचं निळं ई अजून दिसत असेल तर त्याच्या नादी लागू नका. त्याचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टनं जून 2022 मध्ये बंद केला.

पासवर्ड. 'मला सगळे पाठ आहेत' असं सांगणाऱ्याला एखाद्या साइटवर लॉग इन करून दाखवायला सांगा. क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये एक्सपोर्टची सोय आहे, सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये उतरतात. पण ती फाइल साधी असते, उघडली की कुणालाही वाचता येते. काम झालं की ती पुसा, आणि रिसायकल बिनमधूनही पुसा. दुसरं, बँकेच्या आणि सरकारी खात्यांना कुठला मोबाइल नंबर जोडलाय ते पाहून ठेवा. कुकीज गेल्या की साइट तुम्हाला ओळखत नाही आणि पुन्हा ओटीपी मागते. तो मुलाच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर जाणार असेल तर तुम्ही दाराबाहेर.

कुकीज म्हणजे काही विषाणू नव्हेत. नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी 1994 मध्ये त्या आणल्या, कारण वेब मुळात विसराळू आहे: एका पानावर तुम्ही कोण होता हे दुसऱ्या पानाला माहीत नसतं. कुकी ही ओळखीची चिठ्ठी असते. ती फाडली की लॉग इन तुटतं. व्हॉट्सॲप वेबसुद्धा तुटतं, फोनवरून क्यूआर पुन्हा स्कॅन करावा लागतो. अर्धा भरलेला ऑनलाइन अर्ज असेल तर तो आधी सबमिट करा किंवा जतन करा. नंतर रडून उपयोग नाही.

बुकमार्क जात नाहीत. त्यांची काळजी सोडा.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा. क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिन्हीत हे चालतं. आधी वरचा कालावधी बघा. 'मागचा तास' निवडलेला असेल तर कालचं काही जाणार नाही, आणि 'सर्व वेळ' निवडलेला असेल तर सगळं जाईल. मग एकेक टिक वाचा. नावं आणि क्रम आवृत्तीप्रमाणे बदलतात, म्हणून दुसऱ्याच्या स्क्रीनवर पाहून टिक करू नका. कॅशवर टिक ठेवा, ती गेल्यानं नुकसान काही नाही, पानं थोडा वेळ हळू उघडतात एवढंच. हिस्टरी तुमच्या मर्जीवर. कुकीज असतील तर वरचा ओटीपीचा परिच्छेद पुन्हा वाचा. पासवर्ड आणि ऑटोफिलच्या (अर्जात आपोआप भरल्या जाणाऱ्या नाव-पत्त्याच्या) टिका दिसल्या तर काढा. खरंच काढा.

आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी तो कोपऱ्यातला गोल पुन्हा बघा. खातं कुणाचं? सिंक चालू आहे? मग जे पुसाल ते त्या माणसाच्या फोनवरूनही जाईल. तो माणूस घरात असेल तर हाक मारून विचारा. नसेल तर फोन करा. फोन लागत नसेल तर काम उद्यावर टाका.

आयफोनवर सफारी असेल तर त्याच आयक्लाउड खात्यातल्या बाकीच्या उपकरणांवरचीही हिस्टरी जाते, त्यामुळे गोलाचा प्रश्न तिथेही आहेच. इन्कॉग्निटोनं, म्हणजे क्रोमच्या खासगी खिडकीनं, तुमच्या कॉम्प्युटरवर हिस्टरी उरत नाही, पण इंटरनेट देणाऱ्या कंपनीपासून काही लपत नाही. शोधांची नोंद गूगल खात्याच्या 'माझी ॲक्टिव्हिटी'त वेगळी असू शकते, ती तिथे जाऊनच पुसावी लागते.

सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर असाल तर: गेस्ट खिडकी वापरा, निघताना साइन आउट व्हा, आणि डाउनलोड्सचं फोल्डर उघडून बघा. डाउनलोडची हिस्टरी पुसली तरी फाइल तिथेच राहते. ई-आधारची पीडीएफ तर हमखास. तिचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष, तुम्हाला ओळखणाऱ्याला तो काही अवघड नाही. फाइल पुसा, रिसायकल बिन रिकामा करा, प्रिंटचे पैसे द्या आणि निघा.