चार्ल्स गुडइयरवर लिहायचंय? मग शेगडीपासून सुरुवात नको

रबर टिकाऊ करायची पद्धत, म्हणजे व्हल्कनायझेशन, शोधणाऱ्या या अमेरिकन गुडइयरवर लेख, भाषण किंवा प्रोजेक्ट करायला घेतला की बहुतेक जण एकच किस्सा उचलतात, रबर आणि गंधकाचा तुकडा चुकून तापलेल्या शेगडीला लागला आणि शोध लागला, झालं चरित्र. माझं मत विचाराल तर या माणसाची गोष्ट मुळात उधारीची आहे, शोध तिच्यात मधेच कुठेतरी येतो.

म्हणून आधी एक कागद घ्या आणि दोन रकाने पाडा. डावीकडे साल आणि त्याने काय केलं, उजवीकडे त्या वेळी तो कोणाच्या पैशावर जगत होता. उजवा रकाना भरायला लागलात की लेख आपोआप उभा राहतो.

सुरुवात पटकन उरका. जन्म 29 डिसेंबर 1800, न्यू हेवन, कनेक्टिकट. वडील अमासा, बटणं आणि लोखंडी सामानाचा धंदा. 1826 मध्ये चार्ल्सने फिलाडेल्फियात हार्डवेअरचं दुकान टाकलं आणि 1830 पर्यंत दिवाळं निघालं. इथे वाचकाला एक गोष्ट सांगायलाच हवी, त्या काळी अमेरिकेत कर्ज फेडता आलं नाही तर सरळ तुरुंगात टाकायचे, आणि गुडइयरच्या त्या वाऱ्या पुढे सुरूच राहिल्या. हे माहीत नसेल तर पुढचं काहीच कळत नाही.

मग थांबा आणि रबराबद्दल लिहा, त्याच्याबद्दल नाही. 1830 च्या सुमारास अमेरिकेत ब्राझीलहून येणाऱ्या रबराची भयंकर क्रेझ होती, वॉटरप्रूफ बूट, कोट, सगळ्यांना हवं. मॅसॅच्युसेट्समधली रॉक्सबरी इंडिया रबर कंपनी त्यातलीच. पण कच्चं रबर थंडीत कडक होऊन तडकायचं आणि उन्हाळ्यात चिकट लगदा व्हायचा, वर वास. 1834 मध्ये गुडइयर न्यूयॉर्कमधल्या या कंपनीच्या दुकानात गेला, पाण्यात तरंगायच्या रबरी जॅकेटचा व्हॉल्व्ह त्याला बरा करून विकायचा होता. तर मॅनेजर म्हणाला, व्हॉल्व्हचं सोड, इथे मालच वितळून परत येतोय. गोष्टीचा खरा आरंभ हा, इथून पुढे सावकाश लिहा.

रबराचे पहिले प्रयोग त्याने फिलाडेल्फियाच्या तुरुंगात केले. रसायनशास्त्र शिकलेलं नाही, हातात लाटणं आणि जे मिळेल ते मिसळायचं, मॅग्नेशिया घाल, चुना घाल, थोडे दिवस बरं वाटायचं आणि मग पुन्हा चिकट. नायट्रिक ॲसिडने पृष्ठभाग छान कोरडा झाला तर त्याचं 1837 मध्ये पेटंट घेतलं. त्याच जोरावर सरकारी टपाल खात्याकडून 150 थैल्यांची ऑर्डर मिळाली. हा प्रसंग गाळू नका. ॲसिडचा परिणाम फक्त वरवर होता, पातळ कापडाला चालून गेलं पण जाड थैल्या उन्हाळ्याच्या उष्म्यात आतून वितळल्या आणि सगळी पत गेली. त्यात 1837 ची मंदी, पैसे लावणारेही बुडाले. उजव्या रकान्यात या काळात मेहुणा विल्यम डी फॉरेस्टचं नाव येईल, आणि घरातल्या विकलेल्या वस्तू येतील. बायको क्लॅरिसा हे सगळं कसं निभावत होती त्यालाही जागा द्या, मुलांपैकी कितीतरी लहानपणीच गेली.

आता नॅथॅनियल हेवर्ड. लोक याला विसरतात आणि हे मला खटकतं. मॅसॅच्युसेट्सच्या वोबर्न गावातला हा माणूस रबरात गंधक मिसळून उन्हात वाळवायचा, गंधक गुडइयरला इथून मिळालं, हेवर्डचं पेटंटही त्याने 1839 मध्ये आपल्याकडे घेतलं.

शेगडीचा किस्सा यानंतर, आणि तोही थोडक्यात. त्याच वर्षी वोबर्नमध्ये गंधक लावलेला तुकडा गरम शेगडीला लागला, वितळायच्या ऐवजी चामड्यासारखा करपला आणि करपलेल्या कडेला लवचिक राहिला. शोध निव्वळ अपघाताने लागला हे स्वतः गुडइयरला मान्य नव्हतं, तेव्हा तुम्हीही तसं ठोकून देऊ नका. तुकडा का वितळला नाही ते सोपं करून सांगा, रबराचे लांब रेणू मोकळे असतात म्हणून सरकतात, उष्णतेत गंधक त्यांच्यात पूल बांधतं.

खरी मेहनत पुढची पाच वर्षं. किती उष्णता, किती वेळ, हे शोधायला लोकांच्या भट्ट्या मागत फिरला, घरची भाकरी निघाली की त्याच ओव्हनमध्ये रबर. अमेरिकन पेटंट 15 जून 1844 ला मिळालं, त्यात 25 भाग रबर, 5 भाग गंधक, 7 भाग शिशाचा सफेदा आणि साधारण 132 अंश सेल्सियस. हे आकडे लेखात टाकाच, वाचकाला माणूस दिसायला लागतो.

तोवर इंग्लंड हातचं गेलं होतं. त्याचे नमुने तिथे पोचले, तिथल्या थॉमस हॅनकॉकने ते पाहिले आणि नोव्हेंबर 1843 मध्ये, गुडइयरच्या इंग्लंडमधल्या अर्जाच्या काही आठवडे आधी, पेटंटचा अर्ज टाकला. हॅनकॉकला चोर म्हणायची घाई नको, तो स्वतः कित्येक वर्षं रबरात मुरलेला होता, पण नमुने आधी पाहिले होते हे लिहा.

अमेरिकेत मात्र 1852 मध्ये ट्रेंटनला, त्याचं पेटंट न जुमानता रबर बनवणाऱ्या होरेस डेविरुद्धचा खटला जिंकला. वकील डॅनियल वेबस्टर, जो तेव्हा देशाचा परराष्ट्रमंत्रीही होता, फी 15,000 डॉलर! यावर एखादा खमंग परिच्छेद होतो.

इथे वाचकाला वाटेल आता पैसा आला. आला पण टिकला नाही. लायसन्स स्वस्तात दिली, 1851 ला लंडनच्या आणि 1855 ला पॅरिसच्या प्रदर्शनात रबराच्या वस्तूंवर पाण्यासारखा पैसा ओतला, आणि पॅरिसमध्ये फ्रेंच सन्मानाचा क्रॉस मिळाला तेव्हा हा कर्जापायी क्लिशीच्या तुरुंगात. 1 जुलै 1860 ला न्यूयॉर्कमध्ये वारला तेव्हा डोक्यावर सुमारे 2,00,000 डॉलर कर्ज होतं.

छापायच्या आधी नावं तपासा. टायरवाली गुडइयर कंपनी 1898 मध्ये ओहायोतल्या ॲक्रन शहरात फ्रँक सायबरलिंगने काढली, गुडइयर कुटुंबाचा तिच्याशी संबंध नाही, फक्त नाव घेतलं. रबर कारखानदार बेंजामिन गुडरिचही वेगळा, तो 1870 मध्ये ॲक्रनला आला. आणि कडक रबराचं पेटंट भावाचं, नेल्सनचं, ते चार्ल्सच्या खात्यात टाकू नका.