'लूझ हार्ट' : धीर सुटल्याचं इंग्रजीत कसं सांगावं

दुसऱ्यांदा नापास झालेल्या मित्राला मराठीत 'खचू नकोस' म्हटलं की झालं. इंग्रजीत 'डोन्ट लूझ हार्ट' म्हणावं. शब्द तीनच, पण घोळ घालायला त्यांत भरपूर जागा आहे.

आधी स्पेलिंग पाहा. 'लूझ'मध्ये ओ एकच: एल, ओ, एस, ई. दुसरा ओ घुसला की 'लूस', म्हणजे सैल. भूतकाळात 'लॉस्ट हार्ट'.

खरी गोम 'हार्ट'मध्ये आहे. 'एवढी छाती कुणाची?' असं विचारताना आपण छातीचं माप काढत नाही, हिंमत विचारतो. इथलं 'हार्ट'ही तसंच, म्हणून त्याच्याआधी 'अ', 'द', 'माय' काही लावायचं नाही. 'माझा धीर सुटला' या सवयीनं हात 'माय'कडे जातो आणि फसगत होते: 'आय लॉस्ट माय हार्ट टू हर' म्हणजे मी तिच्या प्रेमात पडलो! अनेकवचनही नको. अकराच्या अकरा खेळाडू खचले तरी 'दे लॉस्ट हार्ट'च.

कशामुळे खचले ते 'आफ्टर' किंवा 'व्हेन'नं जोडा: 'दे लॉस्ट हार्ट आफ्टर द थर्ड गोल'. 'लूझ हार्ट ऑफ विनिंग' मात्र चुकीचं. जिंकण्याची आशा सोडली असं म्हणायचं तर 'लूझ होप ऑफ विनिंग'.

शेजारचे वाक्प्रचारही वेगळे ओळखावेत. 'माय हार्ट सँक' म्हणजे काळजात धस्स झालं, तेवढ्या क्षणापुरतं. 'थ्रो इन द टॉवेल' बॉक्सिंगमधून आलं: आपल्या खेळाडूनं आणखी मार खाऊ नये म्हणून कोपऱ्यातला माणूस रिंगणात टॉवेल फेकतो आणि लढत सोडतो. म्हणजे ती कृती झाली. 'लूझ हार्ट' ही मनाची अवस्था. अवसान गळालेला माणूसही खेळत राहू शकतो. उलट अर्थ हवा असेल तर 'टेक हार्ट', आणि तिथेही 'माय' वगैरे नाही.

बाज जरा पुस्तकी आहे. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये जिथे 'वुई फेन्ट नॉट' आहे, तिथे काही आधुनिक भाषांतरं 'वुई डू नॉट लूझ हार्ट' म्हणतात. पत्रात, भाषणात शोभतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राला 'डोन्ट गिव्ह अप' जास्त सहज वाटेल. दुखवट्याच्या निरोपात मात्र हा वाक्प्रचार नको. तो हाती घेतलेल्या कामात हिंमत हरण्याबद्दल आहे.