ख्रिस्ती जीवनाची शर्यत: धावताना या चुका टाळा

करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. जिंकणाऱ्याला मिळायचा पानांचा मुकुट, चार दिवसांत वाळून जाणारा. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात धावपटू आणि मुष्टियोद्धा येतात, ते वाचकांच्या रोजच्या ओळखीचे होते म्हणून. नाशवंत मुकुटासाठी खेळाडू इतका संयम पाळतो, मग अविनाशी मुकुटासाठी आपण कुठे कमी पडतो?

मेहनतीने तारण कमावू पाहणे

ही चूक सगळ्यांत महागात पडते. एक दिवस प्रार्थना राहिली की देव नाराज झाला असेल, अशी धास्ती वाटते. आठवडाभर नेमाने झाली की मंडळीतल्या इतरांना आपण मनातल्या मनात कमी लेखू लागतो. दोन्हींचे मूळ एकच. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, आपल्या कर्मांनी नाही, असे इफिसकरांस पत्रात (2:8-9) स्पष्ट आहे. फिलिप्पैकरांना मात्र पौल तारण साधून घ्यायला सांगतो (2:12) आणि लगेच पुढे म्हणतो की तुमच्यात कार्य करणारा देवच आहे. संघात निवड झालेला खेळाडू निवड झाली म्हणूनच पहाटे मैदानावर येतो. आधी कृपा, मग कष्ट. हा क्रम उलटा झाला असे वाटले, तर काही दिवस प्रार्थनेची सुरुवात फक्त उपकारस्तुतीने करून पाहा.

ऐनवेळच्या जिद्दीवर विसंबणे

1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून रविवार प्रभूचा दिवस मानणारा स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल त्या शर्यतीत धावला नाही. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, पण त्यातला सरावाचा भाग गाळतो. वेळापत्रक त्याला काही महिने आधीच कळले होते. त्याने तेव्हाच नकार दिला, 400 मीटरची तयारी केली आणि 47.6 सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. मोहाच्या क्षणी ठरवायला बसलो तर हार जवळपास ठरलेलीच असते. कोणत्या वेळी, कोणासोबत, कशामुळे आपण घसरतो हे मोकळ्या मनाने आधीच लिहून काढा आणि तिथे काय करायचे तेही लिहा.

हवेत ठोसे मारणे

आपण हवेत ठोसे मारत नाही, असे पौल त्याच नवव्या अध्यायात म्हणतो. ‘मी चांगला ख्रिस्ती होईन’ हा संकल्प असाच हवेतला. राग आवरत नसेल, तर ‘आज मुलाने अभ्यास टाळला तरी आवाज चढवणार नाही’ इतके नेमके ठरवा. रात्री झोपण्यापूर्वी ते जमले की नाही, हे सांगता आले पाहिजे.

पडल्यावर पडून राहणे

1923 मध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट येथे 440 यार्डांच्या शर्यतीत धक्का लागून लिडेल ट्रॅकबाहेर पडला. उठला, धावला, जिंकला. आपण मात्र पाप झाले की ‘आता कोणत्या तोंडाने जाऊ’ म्हणत उपासनेपासूनच दूर राहतो. हा पश्चात्ताप नव्हे. योहानाच्या पहिल्या पत्रातले वचन (1:9) कबुली देणाऱ्याला क्षमेची खात्री देते, तेव्हा कबुली त्याच दिवशी द्या.

प्रशिक्षकाशिवाय धावणे

आपल्या धावण्यातला दोष आपल्याला दिसत नाही. मंडळीतली एक भरवशाची, पोक्त व्यक्ती निवडा. आपण कुठे घसरतो ते लिहून काढलेला कागद तिला दाखवा आणि दर आठवड्याला विचारपूस करण्याची परवानगी द्या. विचारल्यावर खरे उत्तर द्या.