छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढताना या चुका टाळा

मागच्या श्रावणात कॉलेजातली एक मुलगी आमच्या स्टुडिओत आली. हातात चंदेरी रंगाचा, तळहातात मावणारा डिजिटल कॅमेरा. आईच्या कपाटात साड्यांच्या मागे सापडलेला. "काका, हा बिघडलाय वाटतं. सगळे फोटो निळे येतायत." बघितलं तर खरंच, दारातल्या जास्वंदीपासून आजीच्या पांढऱ्या पातळापर्यंत सगळ्यावर निळी झाक. मी मेन्यू उघडला. व्हाइट बॅलन्सच्या, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवणाऱ्या सेटिंगच्या, जागी बल्बचं चित्र होतं. ते ऑटोवर आणलं आणि तिला दुकानाच्या पायरीवर उभं राहून समोरच्या रस्त्याचा फोटो काढायला लावला. रंग जागच्या जागी आले. कधीतरी पिवळ्या दिव्याखाली वाढदिवसाचे फोटो काढताना घरच्या कुणीतरी ती सेटिंग केली असणार, आणि ती तशीच राहून गेली.

असे कॅमेरे हल्ली पुन्हा कपाटांतून बाहेर येतायत, याचा मला मनापासून आनंद आहे. बिघडलाय म्हणून माझ्याकडे आलेल्यांत खरोखर बिघडलेले थोडेच असतात. समोर लग्न आहे की धबधबा, हे कॅमेऱ्याला कळत नाही. तो अंदाज बांधतो. अंदाज चुकतो त्या जागी आपण त्याला एक गोष्ट सांगायची असते. त्या जागा मोजक्या आहेत, आणि एकदा कळल्या की हा छोटा कॅमेरा फार सुंदर काम करतो.

आधी जुन्या सेटिंग पुसून टाका

बऱ्याच वर्षांनी कॅमेरा हातात घेतला असेल तर सगळ्यात आधी मेन्यूतल्या पान्याच्या चित्राखाली जाऊन 'रीसेट ऑल' करा. ऑटो सोडून पी मोडवर (ज्यात काही सेटिंग आपल्या हाती असतात) गेलं की आधी कुणी केलेल्या सेटिंग तशाच समोर येतात आणि फोटो का बिघडतायत ते उमगत नाही. लक्षणांवरून ओळखायचं असेल तर असं बघा: बाहेरचे फोटो निळे, म्हणजे व्हाइट बॅलन्स बल्बवर. जवळचं स्पष्ट आणि डोंगर, माणसं मात्र धूसर, म्हणजे फुलाचं चिन्ह असलेला मॅक्रो मोड चालू राहिलाय. भर दिवसाही फोटोत वाळूसारखे कण, म्हणजे आयएसओ (उजेड टिपण्याची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० वर अडकलाय. सगळंच फिकट किंवा सगळंच काळपट, म्हणजे फोटो उजळ किंवा गडद करणारी अधिक-उणेची पट्टी मधल्या शून्यावर नाही. फ्लॅश पडतच नाही, तर आधी फ्लॅशचं बटण बघा आणि मग लागोपाठ फोटो काढायचा मोड चालू नाही ना ते बघा. त्या मोडमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांचा फ्लॅश बंदच राहतो.

त्याच वेळी घड्याळ लावून घ्या. तारीख चुकली तर पुढे सणावाराचे फोटो क्रमाने लावताना फार त्रास होतो. मात्र फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी तारीख छापणारी सेटिंग बंद ठेवा. ती तारीख फोटोतच मुरते, नंतर निघत नाही. तशीही तारीख-वेळ फाइलच्या आत नोंदलेली असतेच.

बटण एका दमात दाबू नका

फक्त एकच चूक सुधारायची असेल तर ही सुधारा. फोटो काढायच्या बटणाला दोन टप्पे असतात. अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस लावतो आणि उजेड मोजतो. पूर्ण दाबलं की फोटो निघतो. मोबाइलची सवय लागलेला हात बटण खाडकन पूर्ण दाबतो. मग बिचारा कॅमेरा घाईघाईत फोकस शोधतो, त्यात क्षण जातो आणि त्या धक्क्याने कॅमेराही हलतो.

हा फोकस लागतो कसा, ते एकदा शांतपणे बघण्यासारखं आहे. कॅमेरा लेन्स थोडी पुढे-मागे करतो आणि समोरच्या कडा कुठे सर्वांत ठसठशीत दिसतात ते शोधतो. म्हणून त्याला कडा लागतात. कोऱ्या भिंतीवर, दाट धुक्यात, अंधाऱ्या खोलीत त्याला धरायला काही सापडत नाही आणि चौकट लाल किंवा पिवळी होऊन लुकलुकते. हिरवी चौकट आणि 'बीप' आला की समजायचं, फोकस लागला.

आता लग्नाचा प्रसंग घ्या. अंतरपाटाच्या दोन बाजूंना नवरा-नवरी. आपण दोघांना चौकटीत बसवतो, आणि चौकटीच्या मध्यभागी येते दोघांमधली मोकळी जागा. कॅमेरा फोकस लावतो मागच्या फुलांच्या सजावटीवर. घरी जाऊन बघावं तर झेंडूची पाकळी न् पाकळी स्वच्छ आणि नवरा-नवरी धूसर. चेहरा ओळखणारी सोय चालू असली तरी असे बाजूने दिसणारे, मुंडावळ्यांनी झाकलेले चेहरे तिला नेहमी सापडतातच असं नाही.

उपाय सोपा आहे. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की चौकटीचा मध्य नवरीच्या मुंडावळ्यांवर आणा. मोत्यांच्या त्या सरी म्हणजे कॅमेऱ्याला हव्या तशा कडा. बटण अर्धं दाबा, हिरवी चौकट येऊ द्या. बोट तसंच अर्ध्यावर धरून कॅमेरा हळूच फिरवा, दोघंही चौकटीत घ्या आणि थांबा. 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, हार वर उचलले गेले की बोट पूर्ण खाली. फोकस आधीच लागलेला असल्यामुळे बटण दाबलं त्याच क्षणाला फोटो निघतो. मधल्या वेळात आपण पुढे-मागे सरकायचं नाही, एवढंच पथ्य. लागलेलं अंतर बदललं की फोकस गेला. घरी एकदा देवघरातल्या समईवर हे दहा वेळा करून बघा, बोटाला तो अर्धा टप्पा कळायला लागतो.

फ्लॅश कुठवर पोचतो?

गॅदरिंगला दहाव्या रांगेतून फ्लॅश मारणारे पालक मी दरवर्षी बघतो. या इवल्याशा फ्लॅशचा पल्ला साधारण ३ ते ४ मीटर. त्यापुढे त्याचा उजेड पोचत नाही. पुढच्या रांगेतल्या लोकांची डोकी मात्र पांढरी होतात, आणि समोर लख्ख उजेड आहे असं समजून कॅमेरा स्टेज काळोखं करतो. झूम केल्यावर हा पल्ला आणखी घटतो, कारण बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत झूम पुढे नेला की लेन्समधून कमी उजेड आत येतो. एफचा आकडा जितका मोठा, तितका आत येणारा उजेड कमी: एफ/२.८ ची लेन्स झूमच्या टोकाला एफ/५.६ झाली तर ३ मीटरचा पल्ला दीड मीटरवर येतो. स्टेजवर दिवे असतातच. फ्लॅश बंद करा, कोपर खुर्चीच्या पाठीवर टेकवा.

याच्या उलट चूक भर दुपारी होते. ऊन आहे, फ्लॅश कशाला, असं वाटतं. पण टोपीखाली, डोक्यावरच्या पदराखाली चेहरा काळा पडतो. तिथे फ्लॅश ऑटोवरून काढून सक्तीने चालू करा आणि दीड-दोन मीटरवरून फोटो घ्या. डोळे दिसायला लागतात.

आरतीला फ्लॅश नको. निरांजनाचा तो सोनेरी उजेड मूर्तीवर पडलेला असतो म्हणून तर आपल्याला फोटो काढावासा वाटतो, आणि फ्लॅश नेमका तोच पुसून टाकतो. फ्लॅश बंद, आयएसओ ४००, कॅमेरा टेबलावर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर, आणि २ सेकंदांचा टायमर, म्हणजे बटण दाबण्याचा हादरासुद्धा लागत नाही. दिव्यांच्या पार्श्वभूमीवर माणसंही हवी असतील तर माणूस आणि चंद्र किंवा तारा असं चित्र असलेला रात्रीचा मोड वापरा. त्यात फ्लॅश पडल्यावरही उजेड आत येऊ देणारा पडदा, म्हणजे शटर, थोडा वेळ उघडा राहतो आणि मागची रोषणाई येते. समोरच्यांना आधीच सांगा: "फ्लॅश पडला तरी हलू नका." लाल डोळे टाळायच्या मोडमध्येही हेच. त्यात आधी एक दिवा लागतो, लोकांना वाटतं फोटो झाला, मान वळते आणि तेवढ्यात खरा फोटो निघतो.

पावसात फ्लॅश मारला की फोटोभर पांढरे गोळे दिसतात. ते भुताटकीचे नाहीत. लेन्सच्या अगदी शेजारी असलेला फ्लॅश जवळच्या थेंबांवर उजळून परत येतो. काचेच्या तसबिरीचा फोटो समोरून न घेता थोडा तिरका घ्या. आणि डाव्या हाताचं बोट फ्लॅशवर येत नाही ना, ते बघा. एवढ्याशा कॅमेऱ्यावर बोटाला जागाच कमी असते.

झूम आणि आयएसओ

साध्या छोट्या कॅमेऱ्यांत उजेड टिपणारा जो सेन्सर असतो तो साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. लग्नाचे फोटोग्राफर वापरतात त्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, क्षेत्रफळात जवळजवळ ३० पट. इतक्या लहान जागेवर उजेड कमी गोळा होतो आणि आयएसओ वाढवला की कण लवकर दिसतात. दिवसा ८० किंवा १००, घरात २०० ते ४००, हे पुरतं. त्यापुढे जाण्याआधी कॅमेरा टेकवायला जागा शोधा.

डिजिटल झूम मेन्यूतून कायमचा बंद करा. तो दूरचं जवळ आणत नाही, फोटोचा मधला तुकडा कापून फुगवतो. ते कापायचं काम नंतर घरीही करता येतं. लेन्सचा खरा झूम टोकाला नेलात तर हाताचा कंपही तेवढाच मोठा होतो: फुल फ्रेमच्या हिशेबात झूम २५० मिलिमीटरच्या लेन्सइतका असेल तर शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ उघडं राहायला हवं. स्थिरीकरणाची सोय मदत करते, पण पळणाऱ्या नातवाला ती थांबवू शकत नाही.

साइज लहान ठेवण्याची चूक

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण तिच्यावर इलाज नाही. एक गृहस्थ आईचा १२ बाय १८ इंचांचा फोटो करून घ्यायला आले होते. आई नुकतीच गेली होती. पंचाहत्तरीच्या दिवशी नथ घालून हसणाऱ्या आईचा फोटो, घरच्याच कॅमेऱ्यावर काढलेला. फाइल उघडली आणि माझ्या पोटात कालवलं: ६४० बाय ४८०. कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा होता, ३२६४ बाय २४४८ चा फोटो देऊ शकला असता. १८ इंचांच्या लांबीवर ६४० ठिपके पसरले तर इंचाला जेमतेम ३५ येतात. पूर्ण साइजला १८१ आले असते. मी त्यांना छोटा, पोस्टकार्डाहून लहान प्रिंट करून दिला. भिंतीवर लावायचा फोटो त्यातून होण्यासारखा नव्हता.

तेव्हा असं का व्हायचं, तेही समजण्यासारखं आहे. त्या काळी कॅमेऱ्याबरोबर १६ किंवा ३२ एमबीचं कार्ड मिळायचं, मोठे फोटो त्यात थोडेच मावायचे, म्हणून लोक साइज कमी करून ठेवायचे. आज ती अडचण उरलेली नाही. साइज 'एल', दर्जा 'फाइन' किंवा त्याहून वरचा. आणि परत हात लावू नका.

प्रिंट काढायचे असतील तर आणखी एक. या कॅमेऱ्यांचा फोटो ४:३ आकाराचा, तर आपला नेहमीचा ४ बाय ६ चा कागद ३:२. कागद पूर्ण भरायचा तर आडव्या फोटोची वर-खाली मिळून नववा भाग उंची कापली जाते. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या काकांचं डोकं चौकटीला टेकलेलं असेल तर प्रिंटमध्ये ते कापलं जाणार. काढतानाच वर-खाली बोटभर मोकळी जागा सोडा.

काळा बैल, पांढरं धुकं

कॅमेरा समोरचा सगळा उजेड मोजून त्याला मध्यम करड्याकडे नेतो. त्यामुळे पोळ्याला सजवलेला काळा बैल राखाडी येतो आणि माळशेज घाटातलं पांढरंशुभ्र धुकं मळकट. अधिक-उणेची पट्टी यासाठीच असते. बैलाला उणे २/३, धुक्याला किंवा पांढऱ्या सदऱ्यांच्या घोळक्याला अधिक २/३. फोटो झाला की पट्टी शून्यावर आणायला विसरू नका. उन्हात स्क्रीनवर बघून उजेडाचा अंदाज करू नका. डिस्प्लेचं बटण दाबून हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं किती आहे ते दाखवणारा आलेख, बघा. डोंगरासारखा तो आलेख उजव्या भिंतीला जाऊन चिकटला असेल तर पांढऱ्यातला तपशील गेला.

कार्ड, सेल आणि पावसाळा

जुन्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचं कार्ड घालून 'कार्ड एरर' आला की लोक घाबरतात. २००६ मध्ये एसडीएचसी, म्हणजे जास्त क्षमतेची कार्डं आली, त्याआधीचे बहुतेक कॅमेरे २ जीबीपर्यंतचं साधं एसडी कार्डच ओळखतात. त्यानंतरच्यांतलेही अनेक ३२ जीबीपाशी थांबतात. 'कार्ड लॉक्ड' आलं तर कार्डाच्या बाजूची बारीक पट्टी वर सरकवा. फोटो संगणकावर उतरवून झाले, उघडून खात्री केली, की मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. चुकून पुसले गेले तर त्या कार्डावर पुढचा एकही फोटो काढू नका. नवीन फोटो वर लिहिले गेले नसतील तर पुसलेले बहुधा परत काढता येतात.

सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर घड्याळाचे स्वस्त सेल घालू नका, दोन-चार फोटोंत मान टाकतात. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या आणि जुना-नवा सेल एकत्र करू नका. फुगलेली लिथियम बॅटरी तर वापरूच नका.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कोकणातल्या दमट हवेत कॅमेरा काढला की लेन्सवर बाष्प धरतं. पुसत बसू नका. कॅमेरा पिशवीतच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. पावसाळ्यात तो कपड्यांत गुंडाळून न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, नाहीतर लेन्सच्या आत बुरशी धरते. समुद्रकिनाऱ्यावर लेन्स बाहेर आलेली असताना कॅमेरा वाळूवर ठेवू नका. वाळूचा एक कण नळीत गेला की लेन्स अर्ध्यावर अडकते. तसं झालंच तर बोटाने आत ढकलू नका. कॅमेरा बंद करून बॅटरी काढा, लेन्सचं तोंड जमिनीकडे धरून मऊ ब्रशने नळीच्या कडा झटका, हवेच्या फुग्याने फुंकर मारा, आणि मगच बॅटरी घालून चालू करा.